पाहू म्हणजे नाही

मिलिंद,

त्या बाईचा फोन मला आला होता. न्यूझीलंडहून. मी तो उचलला, तिच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं आणि सहा-सात मिनिटांत तुझी नोकरी घालवली. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुला तर नाहीच. आणि तुला सांगायला माझ्याकडे नऊ वर्षं होती, त्यातली बरीचशी आपण एकाच खोलीत, शेजारशेजारच्या टेबलांवर काढली.

आता तू ऐकू शकत नाहीस, तेव्हा सांगतोय. याला धीर म्हणत नाहीत, एवढं मलाही कळतं.

वहिनींनी तुझ्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे एक पान मागितलं आहे. "भाऊजी, तुमच्याइतकं त्यांले कोणी ओळखत नव्हतं," म्हणाल्या. दोनदा लिहायला बसलो. दोन्ही वेळा पेनातून 'मनमिळाऊ' आणि 'हसतमुख' असले शब्द निघाले. तू मनमिळाऊ नव्हतास. तू हट्टी होतास, टोचून बोलायचास, आणि समोरच्याचं चुकलं की त्याला ते चारचौघांत सांगितल्याशिवाय तुझा चहा गोड होत नसे. दोन्ही कागद फाडले. हा तिसरा.

आणि हेही आधीच सांगून ठेवतो की मी तुझ्यावर रागावलेलो आहे. तू गेलास म्हणून तो राग गेलेला नाही. उलट आता त्याला उत्तर देणारा कोणी उरला नाही, म्हणून तो जास्त माजलाय.

आपली लॅब नागपूरलगतच्या वाडीला, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गोदामांच्या मधोमध. बांधकामांवरून काँक्रीटचे चौकोनी ठोकळे यायचे, क्यूब. अठ्ठावीस दिवस पाण्याच्या टाकीत ठेवायचे, मग मशीनखाली दाबून फोडायचे आणि किती भार घेतला ते रजिस्टरमध्ये लिहायचं. तू माझ्या दोन वर्षं आधी तिथे लागलास. कुणाच्या ओळखीने नाही. पाटी वाचून आत गेलास आणि मालकाला म्हणालास, मले एक दिवस काम करू द्या, मग ठरवा. मी माझ्या मामाच्या ओळखीने लागलो. मामा आणि मालक एका पंगतीत जेवणारे. पाच वर्षांत मी लॅब-इनचार्ज झालो आणि तू माझ्या हाताखाली आलास. पॉलिटेक्निकला तुझे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते. ते आपण दोघंही कधी बोललो नाही. तू बोलला नाहीस, पण मला ऐकू येत राहिलं.

माझी काम करायची पद्धत एका शब्दात बसायची, आणि तो शब्द तूच शोधून काढलास. ठेकेदाराने आकडा थोडा वर चढवायला सांगितला, की मी म्हणायचो, "पाहू." पगारवाढ मागितली, "पाहू." सुट्टी हवी, नवीन वजनकाटा हवा, टाकीचं पाणी बदलायला हवं, "पाहू." नाही म्हणायला मला जमत नव्हतं आणि हो म्हणायची छाती नव्हती. एकदा तू सगळ्यांसमोर म्हणालास, "या साहेबाच्या पाहूचा अर्थ मी सांगतो तुमाले. पाहू म्हणजे नाही. फक्त चहा पाजून." सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नव्हतो.

मग ती कन्हानकडची टाकी. पाण्याच्या टाकीच्या पायाचे क्यूब आले होते, आणि ते हवा तेवढा भार घेत नव्हते. ठेकेदार दुसऱ्या दिवशी तीन नवे क्यूब घेऊन आला. तू एक उचललास, त्याच्यावर टिचकी मारलीस, आणि म्हणालास, "हा त्या पायातला नाही. हा आमच्यासाठी खास शिजवला आहे." मी तुला बाजूला घेतलं.

"सही कर न गा. टाकी काही पडून नाही राहिली."

"मी काहून करू? तू कर. तू साहेब."

मी केली. आणि आज सांगतो, ती टाकी अजून उभी आहे. त्या रस्त्याने मी वर्षातून दोन-तीनदा जातो आणि प्रत्येक वेळी तिच्याकडे बघतो. तू हयातभर ती पडायची वाट पाहत होतास असं मला वाटायचं. कदाचित तू ती कधीच विसरून गेला असशील. वाट पाहणारा मीच असेन.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी अमरावती रोडवरच्या टपरीवर तू मला सांगितलंस.

"मी चाललो गा, मध्या."

"कुठं? घरी?"

"न्यूझीलंडले."

मला वाटलं मजाक करतोयस. तू खिशातून कागद काढून दाखवलास. एका वर्षाचा कोर्स, त्यानंतर काम शोधायला एका वर्षाची मुदत. कुहीकडचा वाट्याचा शेताचा तुकडा विकून झाला होता. एकोणचाळीस वर्षांचा माणूस, घरी आठवीतली मुलगी, आणि हा निघाला शिकायला.

"तिथं कोण आहे तुझं?" मी विचारलं.

"कोणीच नाही. म्हणूनच चाललो." तू कप खाली ठेवलास. "इथं नाव सांगितलं की लोक आडनावासाठी थांबतात. आडनाव सांगितलं की त्यांचं सगळं समजून होते. तिथं रामटेके म्हणजे काय, कोणाले ठाऊक नाही. तिथं क्यूब पाहतील."

मी काय म्हणालो असेन? "पाहू, जमते का ते," असंच काहीतरी. पण मनात जे आलं ते आज लिहितो. मनात आलं, याच्यात एवढी हिंमत आली कुठून. आणि 'याच्यात' म्हणजे काय, हे मला चांगलं माहीत होतं. कॉलेजपासून तुझ्या ताटात जेवलेला मी. तुझ्या घरची दीक्षाभूमीची तसबीर मी भिंतीवर सरळ करून दिलेली. तरी ते आलं. कुठून आलं हे विचारू नकोस. ते आधीपासूनच तिथं बसलेलं होतं, आणि तू निघालास तसं उठून उभं राहिलं.

तू गेलास. पहिलं वर्ष कोर्समध्ये गेलं. दुसऱ्या वर्षी तुझे रविवारचे फोन यायला लागले, आणि त्यांतून मला कळायला लागलं की ओळख नसलेल्या गावात काम शोधणं म्हणजे काय असतं. तू सकाळी फळं पॅक करायच्या शेडमध्ये काम करायचास आणि दुपारी इस्त्री केलेला शर्ट घालून, फाइल काखेत मारून लॅबच्या दारात उभा राहायचास. नागपूरला तसाच तर लागला होतास. तिथल्या रिसेप्शनवरची पोरगी गोड हसून सांगायची, वेबसाइटवर अर्ज करा. अर्ज केला की दोन दिवसांनी छापील उत्तर, 'दुर्दैवाने'. तू हसून सांगायचास, "त्या लोकायचं पत्र दुर्दैवानेपासूनच सुरू होते गा. मी पुढचं वाचतच नाही."

लोकल अनुभव, हे तुझं सगळ्यांत मोठं भांडण होतं.

"लोकल अनुभव पाहिजे म्हणतात. अन् अनुभव द्याले कोणी तयार नाही. इथं क्यूब नाही फोडत, सिलिंडर फोडतात. गोल. म्हणून मी चालत नाही त्यांले. अबे, ज्यानं पंधरा वर्षं चौकोनी फोडलं त्याले गोल नाही फोडता येणार का?"

मी इकडे हसायचो. खरं सांगू? मला बरं वाटायचं. प्रत्येक 'दुर्दैवाने'ने मला थोडं बरं वाटायचं. इथे राहून मी काही गमावलं नाही, याचा तो पुरावा होता. आणि तरी तू खचत नव्हतास, त्याचा मला राग यायचा. व्हिडिओवर तू मला रस्ता दाखवायचास. "ऐक, ऐक. काही ऐकू येऊन राहिलं का? नाही न? इथं हॉर्नच नाही वाजवत गा कोणी." तेव्हा माझ्या खिडकीखाली दोन ट्रक समोरासमोर अडकून बोंबलत असायचे. "आणि इथं साहेबाले नावानं हाक मारतात. जॉन म्हणतात, डेव्ह म्हणतात. तुले मी मध्या म्हणायचो त् तुझं तोंड वाकडं व्हायचं."

होत असेल.

मग ती एक लॅब. समुद्राकाठचं छोटं गाव, मातीचं आणि काँक्रीटचं काम, त्यांना माणूस मिळत नव्हता. त्यांनी तुला बोलावलं, अर्धा दिवस काम करून दाखवायला सांगितलं. तुझं तेच स्वप्न होतं, मले एक दिवस काम करू द्या. तू गोल सिलिंडर फोडलेस. तिथल्या मोठ्या बाईंनी हात मिळवला आणि म्हणाल्या, फक्त जुन्या साहेबाशी एकदा बोलायचं आहे.

"तुझं नाव देऊ न मध्या?"

"पाहू," मी म्हणालो. सवयीने.

"पाहू नको गा. हो म्हण."

"दे."

मग तू मला शिकवायला बसलास. ते मी कधीच विसरणार नाही, कारण त्यामुळेच माझ्याकडे पळवाट उरली नाही. तू म्हणालास, "ऐक, इथं आपल्यासारखं नाही चालत. आपल्याकडे पोरगा बरा आहे म्हटलं त् लोक पोरगी देतात. इथं बरा आहे म्हटलं त् नोकरीबी नाही देत. इथं मोठ्यानं सांगा लागते. अन् शेवटी ती विचारेल, याले परत कामावर घ्याल का. तोच खरा प्रश्न आहे. तिथं डेफिनेटली म्हणजो. दुसरं काहीच नको म्हणू. डेफिनेटली."

"अरे हो, समजलं."

"म्हणून दाखव."

"डेफिनेटली," मी म्हणून दाखवलं.

तू खूश झालास. आणि फोन ठेवता ठेवता हसत म्हणालास, "एकदा माझं होऊ दे. मग तुझं बी पाहू."

एवढंच. मजाकच होता तो, माझाच शब्द तू मला परत दिला होतास. पण तो माझ्या घशात अडकला तो अडकलाच. माझं तू पाहणार. म्हणजे मी फाइल घेऊन उभा, आणि तू आतून म्हणणार, पाहू.

दोन दिवसांनी, सकाळी नवाच्या सुमारास फोन आला. लॅब नुकतीच उघडली होती. बाईंचा आवाज भला होता, ती मला घाई करत नव्हती. तुझं नाव तिने 'मिस्टर रॅमटेक' असं घेतलं. एखाद्या कंपनीचं असावं तसं. तू म्हणाला होतास ते खरं होतं, त्या आडनावाचा तिला काहीच अर्थ लागत नव्हता. फोनच्या या टोकाला मात्र तो लागत होता.

तिने विचारलं, काम कसं आहे. मी म्हणालो, "ही इज ओके."

तिने विचारलं, इतरांशी कसं जमतं. मी म्हणालो, "ही आर्ग्यूज." आणि वर म्हणालो, "अ लॉट."

मग तिने तो प्रश्न विचारला. संधी मिळाली तर तुम्ही यांना परत घ्याल का?

शब्द तोंडात तयार होता. तू घोकून घेतला होतास. खाली एक ट्रक मागे येत होता, त्याची टीं-टीं चालू होती, आणि मी ती संपायची वाट पाहिल्यासारखं केलं. मग म्हणालो, "वुई विल सी."

"सॉरी?" ती म्हणाली. तिला वाटलं ऐकण्यात चूक झाली. तिने मला दुसरी संधी दिली, मिलिंद. एवढी भली बाई होती ती.

"वुई विल सी," मी पुन्हा म्हणालो. स्पष्ट.

पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला. आणखी काही सांगायचं आहे का, असं तिने विचारलं. मी नाही म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला इतकं साफ 'नाही' म्हणालो असेन.

नंतर मी स्वतःला पुष्कळ समजावलं. मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. तू ओके होतास. तू भांडायचास, भरपूर भांडायचास. आणि परत घेण्याबद्दल कोण काय सांगू शकतं? पाहू, हेच तर खरं उत्तर. नागपूरचा माणूस नागपूरचा शब्द इंग्रजीत बोलला, गोऱ्या बाईला तो कळला नाही, बस. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मीही म्हटलं असतं, भाषेचा घोटाळा झाला बिचाऱ्याचा. पण तू मला शिकवलं होतंस. मला त्या शब्दाची तिथली किंमत तुझ्या तोंडून कळली होती, आणि मी तो मोजून वापरला.

चार दिवसांनी तुझा फोन. "गेलं गा ते. दुसरा भेटला म्हणे." मग विचारलंस, "तू काय सांगितलं होतं तिले?"

"चांगलंच सांगितलं," मी म्हणालो.

तेवढं मात्र खोटं होतं.

तुझी मुदत संपली. तू परत आलास. तीन आठवडे लॅबकडे फिरकला नाहीस. मग एका सकाळी फाटकाशी उभा दिसलास, तोच इस्त्रीचा शर्ट, बाहीला घडीच्या रेघा. तू काही मागितलं नाहीस. मीच उठून आलो आणि म्हणालो, "उद्यापासून ये." मालकाशी मी भांडलो तुझ्यासाठी, हे तुला कुणीतरी सांगितलं. खरं होतं ते. मालक म्हणत होते, गेलेला माणूस कायले घ्यायचा. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, याच्यासारखा माणूस नाही तुमच्याकडे. म्हणजे बघ. तुला परत घ्याल का, हा प्रश्न त्या बाईने विचारला तेव्हा 'पाहू', आणि काही महिन्यांनी तुला परत घ्यायला हाच माणूस हात आपटत होता.

आणि तू माझे दोन्ही हात धरलेस. "तूच एक आहेस गा," म्हणालास. "तिथं कोणी नाही ओळखलं मले. इथं तू तरी."

तू असं म्हणायला नको होतंस. इथे माझा राग सुरू होतो, आणि तो खोटा नाही. दोन शिव्या दिल्या असत्यास तर आपलं बरं चाललं असतं. तू आभार मानलेस. घरी बोलावलंस, वहिनींनी पुरण घातलं, श्रावस्तीला माझ्या पाया पडायला लावलंस. पंधरा-सोळा वर्षांची पोर वाकली, आणि मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हा हात.

त्यानंतर तू मला साहेब म्हणायला लागलास. टोचून नाही. खरंच साहेब. आणि तू भांडायचं सोडलंस. ठेकेदार 'खास शिजवलेले' क्यूब घेऊन यायचे, तू टिचकीही मारायचा नाहीस. "सांगा साहेब, कुठं सही करू?" मी मुद्दाम चुकीचा आकडा सांगून पाहिला एकदा. तू तो लिहिलास. मी ओरडलो तुझ्यावर, सगळ्यांसमोर. लोकांना वाटलं, साहेबाला माज आला. तुला वाटलं असेल, उपकाराची किंमत वसूल करतोय. मी तुला भांडायला बोलावत होतो, मिलिंद. मला तो हरामखोर हट्टी माणूस परत हवा होता, आणि तो मी एका फोनमध्ये घालवला होता. पुढे चुकीचं काही सहीला आलं की मलाच नाही म्हणावं लागायचं. तुझ्या जागी उभं राहून मी नाही म्हणायला शिकलो. त्याबद्दल तुझे आभार मानावेत तर कोणत्या तोंडाने?

एक दिवस आठवतो. मी फोनवर कुणाला तरी म्हणत होतो, "पाहू, पाहू." फोन ठेवला. तू रजिस्टरमधून मान वर न काढता विचारलंस,

"इंग्रजीत काय म्हणतात गा पाहूले?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'गा'. मी म्हणालो, "काय माहीत." तू "हो न," म्हणालास आणि पुढचा आकडा लिहिलास. बस, एवढंच. त्या बाईने तुला सांगितलं होतं का? की तो नुसता तुझा जुना खवचटपणा एक क्षण जागा झाला होता? हे मी आता कुणाला विचारू? माहीत होतं आणि तरी तू माझ्या शेजारी बसून डबा खात राहिलास, तर तू मला फार वाईट शिक्षा दिलीस. माहीत नव्हतं, तर मी दिली.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी रोज संध्याकाळी यायचो. वहिनी चहाला खाली गेल्या की आपण दोघंच असायचो. रोज ठरवून यायचो. रोज तुझ्या उशाशी बसून क्रिकेट बोलून परतायचो. एकदा तू माझं मनगट धरलंस, हातात जोर नव्हता, आणि म्हणालास, "पोरीचं पाहजो."

"पाहतो," मी म्हणालो.

पाहू नाही म्हणालो. तू ते ऐकलंस, मला कळलं. तू डोळे मिटून थोडा हसलास, आणि मला तोंड उघडायचा तो शेवटचा दिवस होता, तो मी तुझ्या हसण्यात घालवला.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप भरला होता. वंदना झाली. तुला कधी चहा न विचारलेले दोन जण माईकवर तुझे जिवलग मित्र निघाले. मग माझं नाव पुकारलं. मी उभा राहिलो, आणि तुझ्या फोटोकडे न बघता म्हणालो, "कामाला याच्यासारखा माणूस मी पाहिला नाही. एकदा खोट्या आकड्यावर याने सही केली नाही, अगदी माझ्यासाठीसुद्धा नाही. अशा माणसाला परत घ्याल का, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी डोळे मिटून हो म्हटलं असतं."

लोकांनी माना हलवल्या. एक म्हातारे डोळे पुसत होते. नऊ वर्षांनी, ज्याच्या काही कामाचं नव्हतं अशा मंडपाला, मी ते सांगितलं जे एका बाईला सांगायचं होतं.

पंगत उठल्यावर श्रावस्ती माझ्याजवळ आली. तुझीच हनुवटी. सिव्हिलच केलं तिने, हे तुला आवडलं नव्हतं आणि तू ते सगळ्यांना सांगत फिरायचास. ती म्हणाली, "काका, तुम्ही बोललात ते बाबांनी ऐकायला पाहिजे होतं."

मी मंडपाच्या कडेला सरलो, ती मागोमाग आली.

"एक विचारू? मी एक अर्ज भरून ठेवलाय. बाहेरचा. तिकडच्याच एका फर्मचा. दोन महिने झाले, पाठवला नाही." ती मंडपाच्या दोरीशी चाळा करत होती. "बाबा एवढे हुशार, त्यांना नाही घेतलं. आपली तिथं ओळखच नाही काही, मग मले कोण घेणार? आई म्हणते, त्या वाटेनं जाऊ नको. बाबांचं काहून नाही झालं, काका? तुम्हाला तरी माहीत असेल. पाठवू का मी?"

मिलिंद, तुझ्या घरात हे असं समजून बसलेत सगळे. तिथल्या लोकांनी तुला पारखलं आणि नाकारलं. ती पोर तेच समजून मोठी झाली. त्यांनी तुला नाकारलं नव्हतं. त्यांनी तुझ्याशी हात मिळवला होता. तिथे तुझी ओळख नव्हती म्हणून तुझं राहिलं नाही; इथे होती, आणि ती मी होतो.

हे तिला त्याच क्षणी सांगायचं होतं. तिचं तोंड माझ्याकडे होतं, मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते, आणि माझ्या तोंडून काय निघालं असेल?

"पाहू," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. ज्या घरात वाढली त्या घरात या शब्दाचा अर्थ तिला शिकवलेला आहे. अर्ज तिने पाठवलेला नाही. काल वहिनींना विचारलं.

तर हे पान मी स्मरणिकेसाठी असं देऊ शकत नाही. छापून आलेलं वाचून तिला कळावं, हे पुन्हा माझंच जुनं काम होईल, दुसऱ्याच्या तोंडून 'नाही' सांगायचं. हे हातात घेऊन तुझ्या घरी जायचं आहे. वहिनी पुढे चहा ठेवतील, तो घेण्याआधी बोलायचं आहे. मग त्यांना छापायचं तर छापोत, चुलीत घालायचं तर घालोत.

त्या फोनवर मी काय म्हणालो, ते मी तुझ्या मुलीला देणं लागतो. आणि पाठव, हा एक शब्द. दोन्ही अजून दिलेलं नाही.

मध्या